पायाच्या शिरा फुगल्या आहेत आणि सहावा महिना आहे

प्रश्न: मी दापोली तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. दुसरी खेप, सहावा महिना चालू आहे. डाव्या गुडघ्याच्या लवणीपासून पोटरीपर्यंत एक हिरवी-निळी शीर वाकडीतिकडी वर आली आहे आणि मांड्यांवर लाल-जांभळ्या बारीक रेषा उमटल्या आहेत. संध्याकाळी पाय जड होतात, रात्री पोटरीत गोळे येतात. सासूबाई म्हणतात गरम तेलाने रगडून घे. मैत्रीण म्हणते लेझर करून टाक. बाळाला धोका आहे का? ऑपरेशन लागेल का? यामुळे सिझर करावं लागतं का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. पायाच्या शिरा फुगल्या म्हणून कोणी सिझर करत नाही. बाळाला या शिरांमुळे धोका नाही, कारण त्याला रक्त पोचतं ते गर्भाशयाच्या धमन्यांतून. त्या वाटेशी पोटरीवरच्या शिरेचा संबंध नाही. ऑपरेशन, लेझर, इंजेक्शन यातलं काहीही आत्ता करायचं नाही. मग आत्ता करायचं काय? पाय एका जागी किती वेळ न हलता राहतो, त्याचा हिशेब ठेवायचा. फळ्यासमोर उभं राहून, एसटीत बसून किंवा बाळंतपणानंतर खाटेवर पडून, त्रास वाढतो तो एकाच कारणाने: पोटरी हलत नाही. मलम, गोळी, तेल हे सगळं त्याच्या नंतर.

आपल्याकडे खाडीकाठच्या खारबांधाला उघाडी असते, ती तुम्ही पाहिली असेल. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाऊ देते आणि भरती चढली की झडप आपोआप मिटते, म्हणून खारं पाणी शेतात शिरत नाही. पायाच्या शिरांत जागोजागी अशाच झडपा आहेत. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकललं जातं, स्नायू सैल पडले की झडप मिटते आणि रक्त खाली उतरत नाही. शीर रुंदावली की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. मग रक्त खाली गळतं, त्या भाराने शीर आणखी रुंदावते, तिच्या खालची झडपही उघडी पडते. वाकडीतिकडी फुगलेली शीर दिसते ती अशी तयार होते.

गरोदरपणात हे का होतं? शरीरातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक गर्भाशय शांत ठेवतं, पण सोबत शिरांच्या भिंतीही सैल करतं. म्हणूनच पोट दिसायच्या आधी, तिसऱ्या महिन्यातच काहींच्या शिरा उठून दिसू लागतात. पुढे वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर टेकतं आणि पायातलं रक्त वर चढायला अडथळा होतो. तुमचा डावाच पाय का, याचंही कारण आहे. डाव्या पायाचं रक्त वर नेणारी मोठी शीर ओटीपोटात उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते, त्यामुळे ती आधीच थोडी दबलेली असते. गरोदरपणात हा दाब वाढतो. शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा प्रकारही गरोदर बायकांत डाव्या पायातच जास्त दिसतो, त्याकडे पुढे येते.

आई किंवा मावशीला हा त्रास असेल तर तुम्हाला होण्याची शक्यता जास्त, आणि दर खेपेला तो थोडा वाढतो. त्यामुळे 'मी काय चुकीचं केलं' हा विचार सोडा. पूर्ण टाळता येईलच असं आश्वासन कोणी देत असेल तर तो काहीतरी विकतोय असं समजा.

मांडीवरच्या बारीक रेषा वेगळ्या. त्या कातडीतल्या, एक मिलिमीटरपेक्षाही बारीक शिरा आहेत. व्हेरिकोज म्हणतात त्या शिरा तीन मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असतात. बारीक रेषा दिसायला नकोशा वाटतात, क्वचित जळजळतात, पण त्यांनी काही बिघडत नाही. बहुतेक बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिकट होतात. त्यांच्यासाठी आत्ता एक रुपयाही खर्च करू नका.

आता शाळेचं. तुमचा धोका उभं राहण्यापेक्षा न हलता उभं राहण्यात आहे. फळ्यावर लिहिताना, परिपाठाला, पोषण आहाराच्या रांगेवर लक्ष ठेवताना आपण खांबासारख्या उभ्या असतो. पंधरा-वीस मिनिटं झाली की टाचा उचला, चवड्यांवर या, पुन्हा खाली. असं वीसेक वेळा, भिंतीचा किंवा टेबलाचा आधार घेऊन. मुलांनाही सोबत घ्या, त्यांना गंमत वाटते. वर्गात फिरत शिकवा. खुर्चीवर बसलात तर पाय लोंबकळत ठेवू नका आणि खुर्चीची कड मांडीत रुतू देऊ नका. पुढ्यात दुसरं स्टूल घ्या. मधल्या सुट्टीत डाव्या कुशीवर आडवं होता आलं तर फार उत्तम. मुख्याध्यापकांना सांगायला संकोच करू नका, गरोदर शिक्षिकेला खुर्ची मागावी लागू नये.

हेच मासळी बाजारात टोपली पुढ्यात घेऊन तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्या बायकांना, काजूच्या कारखान्यात एका जागी बसून सोलणाऱ्या मुलींना लागू आहे. उकिडवं बसल्यावर गुडघ्याच्या लवणीत आणि जांघेत शीर दबते. त्यांना मी सांगते, बसा, पण दर अर्ध्या तासाने उठून पंचवीस पावलं टाका. घरी विळीवर किंवा आडाळ्यावर बसून नारळ खवायला मनाई नाही. एका बैठकीत सगळा स्वयंपाक उरकण्याचा हट्ट मात्र नको.

चालणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. रोज अर्धा तास, बोलता येईल इतक्या वेगाने. ओहोटीच्या वेळी किनाऱ्याच्या घट्ट ओल्या वाळूवर चालायला छान, कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय मुरगळतो. लाटांत उतरू नका. पाखाडी चढायला हरकत नाही, उलट पोटरीला चांगलं काम मिळतं. पण पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या उतरू नका. पायांपेक्षा पोटावर पडण्याची मला जास्त भीती वाटते.

घरी आल्यावर पाय वर घ्यायचे म्हणजे मोढ्यावर ठेवायचे असं अनेकींना वाटतं. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर गेले पाहिजेत. जमिनीवर किंवा पलंगावर डाव्या कुशीला कलून, पायांखाली दोन-तीन उशा, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पाठीवर सपाट झोपून पाय वर करू नका. या महिन्यांत गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर टेकतं, ती शीर कण्याच्या उजव्या बाजूला असते, आणि गरगरायला लागतं. झोपतानाही कूस हवी. रात्री जाग आली आणि पाठीवर दिसलात तर घाबरू नका, पुन्हा कुशीवर वळा. पलंगाच्या पायाकडच्या खुरांखाली एकेक वीट लावता येते, पण जळजळ किंवा आंबट ढेकर येत असतील तर विटा काढा.

मोज्यांवर थोडं थांबते, कारण इथे पैसे जास्त वाया जातात. दाबाचे मोजे फुगलेली शीर नाहीशी करत नाहीत, आणि नवीन शीर फुगणारच नाही याची खात्रीही देत नाहीत. पण पाय जड होणं, सूज, ठणका यांत चांगला फरक पडतो. मोज्यांचा 'क्लास' म्हणजे दाबाचा जोर, आकडा वाढला की दाब वाढतो. गरोदरपणात साधारण क्लास 1, त्रास जास्त असेल तर क्लास 2. मोजे औषधाच्या दुकानातून 'मीडियम द्या' म्हणून आणायचे नाहीत. सकाळी, पाय सुजण्याआधी, घोट्याचा, पोटरीचा आणि लांब मोजे असतील तर मांडीचा घेर मोजून घ्यायचे. पूर्ण मांडीपर्यंतचे मोजे कागदावर उत्तम दिसतात, पण आपल्या मे महिन्याच्या घामात ते दोन दिवसांनी कपाटात जातात. गुडघ्याखालचे, बोटं उघडी असलेले मोजे रोज घातले तर माझ्या लेखी तेच बरे. गुडघ्याखाली कड रुतून वळ उमटत असेल तर माप चुकलंय. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल किंवा पायाच्या धमन्यांचा आजार असेल तर विचारल्याशिवाय मोजे घालू नयेत.

घालायचे ते सकाळी अंथरुणातून पाय खाली सोडण्याआधी. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत घालायचं, मग हळूहळू वर सरकवायचा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली मिळते. आठव्या महिन्यात वाकता येत नाही, तेव्हा हे काम नवऱ्याने करायचं, शिकायला दोन दिवस लागतात. रात्री काढायचे. दोन जोड हवेत, कारण पावसाळ्यात एक जोड वाळत नाही. चुलीजवळ किंवा इस्त्रीने वाळवलात तर त्याचा ताण जातो. ओला मोजा घातला की बोटांच्या बेचक्यात बुरशी धरते. इलॅस्टिक क्रेप बँडेज परवडतं म्हणून अनेकजणी गुंडाळतात. तेही चालेल, पण बोटांपासून वर, खाली घट्ट आणि वर सैल. वर घट्ट बांधलं तर नेमकं उलटं काम होतं. परकराची नाडी आणि काचणारं इलॅस्टिकही त्याच कारणाने सैल करा.

सासूबाईंच्या तेलाबद्दल. कोमट तेलाने हलक्या हाताने घोट्याकडून वर असा हात फिरवला तर बरं वाटतं, त्यात गैर काही नाही. शिरेवर जोर लावून रगडायचं नाही. शीर कडक, लाल, दुखरी झाली असेल तर हातच लावायचा नाही. गरम शेक नको, उष्णतेने शिरा आणखी रुंदावतात. आंघोळ संपवताना पायांवर गार पाणी सोडा. जळवा लावणं, शीर टोचून 'खराब रक्त' काढणं हे तर अजिबात नको. व्हेरिकोजच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या, हॉर्स चेस्टनटचा अर्क, इंटरनेटवरून मागवलेली कॅप्सुलं गरोदरपणात आपल्या मनाने घेऊ नका. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळीही नको, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. लागलंच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून.

जेवणाचा संबंध वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. बद्धकोष्ठात कुंथलं की ओटीपोटातला दाब वाढतो, आणि मूळव्याध ही गुदाच्या शिरांचीच गोष्ट. लोहाच्या गोळ्यांनी शौच घट्ट होतं म्हणून बायका त्या गुपचूप बंद करतात; तसं करू नका, मला सांगा, गोळी बदलता येते. नाचणीची भाकरी, कुळीथ, माठ-शेवग्याची भाजी, केळी, ताक, आणि पाणी. उकड्या तांदळाची पेज छान, पण पेजेसोबत रोज खारा बांगडा आणि सुकटीची चटणी असेल तर मीठ बरंच पोटात जातं. रक्तदाब वाढलेला असेल तर ते आवरा. नेहमीचं वजन असलेल्या बाईचं पूर्ण गरोदरपणात दहा-बारा किलो वाढलं की पुरे.

आता एक गोष्ट, जी प्रश्नात कोणी लिहीत नाही आणि तपासणीतही बोलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, बहुधा पाचव्या महिन्यापासून, योनीच्या बाहेरच्या बाजूला शिरा फुगतात. संध्याकाळी तिथे जड वाटतं, चालताना टोचतं, हाताला गाठ लागते आणि बाई घाबरून गप्प बसते. लाजू नका, सांगा. हाही त्याच दाबाचा प्रकार आहे. घट्ट बसणाऱ्या चड्डीत घडी केलेला सॅनिटरी पॅड ठेवून खालून आधार द्या, कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावा, कुशीवर पडा. नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं. बाळंतपण करणाऱ्यांना आधी माहीत असलं की छेद द्यायची वेळ आली तर त्या जागा सांभाळतात. बहुतेकींच्या या शिरा सहा आठवड्यांत ओसरतात.

ताबडतोब दाखवायचं कधी, ते नीट वाचा. दोन्ही पाय संध्याकाळी सारखे सुजले आणि सकाळी उतरले तर ती गरोदरपणातली नेहमीची सूज. एकच पाय, विशेषतः डावा, अचानक सुजला, पोटरी किंवा मांडी दुखते, कातडी गरम आणि ताणलेली, तर आतल्या मोठ्या शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉप्लर हवा. डॉप्लर म्हणजे सोनोग्राफीच, किरणोत्सर्ग नाही, बाळाला अपाय नाही. 'उद्या बघू' नको. गुठळी सापडली तर रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं देतात, ती वारेतून बाळापर्यंत जात नाहीत. सोबत धाप, छातीत कळ किंवा खोकल्यातून रक्त असेल तर गाडीची वाट न बघता 108 ला फोन करा.

वरवरची शीर दोरीसारखी कडक, लाल आणि दुखरी झाली तर ते बहुधा तिच्यातलं रक्त गोठल्यामुळे. फार घाबरण्यासारखं नसतं, पण जांघेजवळ असेल किंवा लांबवर पसरली असेल तर गुठळी आत सरकू शकते, म्हणून तिथेही डॉप्लर करायचाच. शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कपड्याने जागेवर दहा मिनिटं न उघडता दाबून धरा. वर दोरी आवळून बांधू नका. आणि चेहरा-हात सुजणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तदाब 140/90 किंवा वर, याला शिरांचा त्रास समजून घरी बसू नका, ते वेगळं आणि जास्त गंभीर आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथे पायही दाखवा; आशाताईंना आधी सांगून ठेवा.

पायाला खाज सुटून ओरबाडे पडले असतील तर लावणीच्या चिखलात उतरू नका. कोकणात पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे चिखल-पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापाची, भीती असते आणि त्यासाठी इतरांना देतात ती डॉक्सीसायक्लिनची गोळी गरोदरपणात देत नाही.

तुम्ही बाळंतपणाला माहेरी जाणार असाल, मुंबई किंवा पुण्याला, तर प्रवासाचं लक्षात ठेवा. शक्यतो रेल्वे घ्या, डब्यात चालता येतं. गाडीने जायचं तर दर दीड-दोन तासांनी थांबून पाच मिनिटं चाला, बसल्या जागी पावलं वर-खाली करत राहा, मोजे घाला. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी टाळू नका.

बाळंतपणानंतर गुठळीचा धोका कमी होत नाही, वाढतो. पहिले सहा आठवडे सगळ्यात जोखमीचे. आणि नेमकं याच काळात आपल्याकडे बाळंतिणीला खोलीत खाटेवर पाडून ठेवतात, पाणी मोजून देतात, खाली शेगडी ठेवून शेकतात. विश्रांतीला माझा विरोध नाही, बाळंतिणीला घरकामातून सोडवणारी ती चांगली पद्धत आहे. पण विश्रांती म्हणजे पडून राहणं नव्हे. नैसर्गिक बाळंतपण झालं तर काही तासांत, सिझर झालं तर पहिल्या दिवसातच, आधाराने उठून चाला. घरी दर दोन तासांनी खोलीतून पडवीपर्यंत या. तहान लागेल तितकं पाणी प्या, दूध पाजणारीला तर ते हवंच. खाटेखाली शेगडी नको. बंद खोलीत कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकतो. पूर्वी कधी गुठळी झाली असेल, सिझर असेल, वजन जास्त असेल, तर काही दिवस हेपरिन लागू शकतं, ते दवाखान्यातून निघण्यापूर्वी विचारून घ्या. संततिनियमनासाठी पहिल्या सहा आठवड्यांत एस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नका, आणि पूर्वी गुठळी झालेली असेल तर कधीच नको, तांबी चालते.

शिरा पुढे काय करतात? बहुतेकींच्या तीन-चार महिन्यांत बऱ्याच ओसरतात, काहींना वर्ष लागतं. त्यामुळे बाळंतपणानंतर लगेच लेझरची तारीख घेऊ नका. साधारण सहा महिन्यांनी, शिरा तशाच असतील आणि ठणका, सूज, घोट्याजवळ काळे डाग किंवा खाज असेल तर उभं करून डॉप्लर करून घ्या. झोपवून केलेल्या डॉप्लरमध्ये गळती लपते. मुख्य शिरेची झडप नादुरुस्त निघाली तर लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने ती शीर आतून बंद करतात, बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं. इंजेक्शनने शीर सुकवण्याचा उपाय दूध पाजणं संपेपर्यंत थांबवलेला बरा. आणखी मूल हवं असेल तर? त्रास फार असेल तर मी पुढच्या गरोदरपणाआधी उपचार करून घ्यायला सांगते, नसेल तर थांबायला सांगते, कारण पुढच्या खेपेला नव्या शिरा फुगू शकतात. रेषांसाठीही तेच: मुलं झाली की मग, आणि तेव्हाही तुम्हाला नकोशा वाटत असतील तरच.